कोठीची खोली कुणी खाल्ली?

नवीन फ्लॅटचं ब्रोशर कधी नीट वाचलंय का? बाणेर असो, वाकड असो की ठाण्याचा घोडबंदर रोड, नकाशा सगळीकडे तोच. मास्टर बेडरूममध्ये कपड्यांसाठी वेगळी जागा, दारात चपलांसाठी वेगळी जागा, बाहेर बसायला वेगळी जागा. आणि स्वयंपाकघर? सात बाय आठ. त्यात मॉड्युलर किचनच्या नावाखाली तारेच्या ट्रॉल्या, ज्यात पाच किलोचा डबा उभासुद्धा राहत नाही. कोठीची खोली नावाची एक गोष्ट मराठी घरात असायची. ती बिल्डरने कधी गिळली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. विचारलंत तर सेल्सवाला हसून म्हणतो, "सर, खालीच सुपरमार्केट येतंय ना!"

माझं भांडण त्या 'ना'शी आहे.

मंडळी, तुम्ही-आम्ही काय काम करतो? दिवसभर ऑफिसात बसून 'हे बंद पडलं तर काय' याचाच विचार करतो. डेटाबेसची एक कॉपी मुंबईत, दुसरी सिंगापुरात. वर्षातून दोनदा डिझास्टर रिकव्हरीची ड्रिल. घरी दोन-दोन कंपन्यांचं इंटरनेट, वर राउटरला छोटा यूपीएस. कुणी ज्युनिअर पोराने 'सर्व्हर एकच आहे, पण तो कधी पडत नाही' असं डिझाइन रिव्ह्यूमध्ये म्हटलं तर आपण त्याला तिथेच फाडून खातो. आणि घरी येऊन बघावं तर तांदूळ एक किलोच्या पाकिटात, तोही अर्धा संपलेला. तूरडाळ तळाला. कणीक 'उद्या मागवू'. बाकी फ्रीजच्या दारात चार प्रकारचे सॉस आणि एक ऑलिव्हची बाटली, जी दिवाळीच्या गिफ्टमध्ये आली होती.

आपल्याच भाषेत सांगायचं तर आपलं स्वयंपाकघर म्हणजे नुसता कॅशे आहे, मागे स्टोरेजच नाही. कॅशे मिस झाला की रिक्वेस्ट जाते चौकातल्या डार्क स्टोअरकडे. त्याचाही साठा थोडाच, तो रोज गोदामातून भरला जातो. गोदाम मार्केट यार्डवर आणि हायवेवर अवलंबून. म्हणजे कॅशेच्या मागे कॅशे, त्याच्या मागे ट्रक. मोटारसायकलवरच्या पोराला दोष देऊ नका, तो बिचारा पावसात भिजत येतोच. प्रश्न असा आहे की ज्या दिवशी तो येऊ शकणार नाही, त्या दिवशी तुमच्या घरात किती दिवसांचं अन्न आहे? सॉस सोडून सांगा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, आपल्याकडे कसली आलीय आणीबाणी? आपण काय युक्रेनमध्ये राहतो का?"

ठीक आहे, युक्रेन सोडा. पुण्याचं बघू. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांची घरं शाबूत राहिली त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं, कारण शहराला पाणी पाजणारं धरणच राहिलं नव्हतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक ऑफिसात, लोकलमध्ये, बसच्या टपावर अडकले, आणि घरी पोचल्यावरही कित्येकांकडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, म्हणजे ज्या दुकानातून किराणा आणायचा ते दुकानच पाण्याखाली.

आणि ऑगस्ट २०१९ तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. कोल्हापूर-सांगलीला महापूर. शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बंगळूरू रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद. दोन्ही बाजूंना मालट्रकच्या मैलोन्‌मैल रांगा. कोल्हापुरात पेट्रोल, दूध आणि पिण्याचं पाणी, तिन्हींची टंचाई. (चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला नाही. पुराचं हे नेहमीचंच.) तिकडून दूध निघेना म्हणून पुण्या-मुंबईतही दुधाची ओढाताण झाली. लक्षात घ्या, दूध अडलं ते पुण्यातल्या पाण्यामुळे नव्हे.  हायवेचा एक तुकडा पाण्याखाली गेला होता, बस्स. आपल्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्यावर आपण पॉवरपॉइंटच्या वीस स्लाइड करतो.

हे फक्त धान्याचंच आहे असंही नाही. २०११ साली थायलंडला पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या, कारण जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा तिथे बनत होता आणि 'कशाला साठा करायचा, लागेल तसं मागवू' हे तत्त्व सगळ्यांनी पाळलं होतं. तेव्हा आपण तावातावाने सप्लाय चेनवर बोललो. स्वयंपाकघरावर कुणी बोललं नाही.

आता २४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद म्हणून सांगितलं. त्या रात्री शहराशहरांतून किराणा दुकानांसमोर काय गर्दी झाली ते आठवतंय? साथीच्या रोगापासून वाचायचं म्हणून लोक एकमेकांच्या अंगावर चढून साखर घेत होते. नंतर एप्रिलमध्ये वाशीचं मार्केट आणि पुण्याचं मार्केट यार्डही काही दिवस बंद ठेवावं लागलं. धान्य देशात भरपूर होतं, सरकारी गोदामं ओसंडून वाहत होती. नव्हतं ते फक्त तुमच्या-आमच्या घरात.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जरा वजनदार आहे. "साठा करणं म्हणजे साठेबाजी. तुम्ही पैसेवाले घरं भरणार आणि गरिबांनी काय करायचं?"

या प्रश्नासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. कारण बहुतेक सुशिक्षित मंडळी इथे येऊन अडतात आणि साठा न करण्याला नैतिकतेचं सर्टिफिकेट चिकटवून मोकळी होतात.

थोडं गणित करू. समजा एखाद्या शहरात दहा लाख घरं आहेत आणि एका संध्याकाळी घाबरून प्रत्येक घराने फक्त पाच किलो जास्त धान्य घ्यायचं ठरवलं. झालं किती? पन्नास लाख किलो. पाच हजार टन. दहा टनांचा एक, असे पाचशे ट्रक, एका संध्याकाळी, नेहमीच्या मालाच्या वर. जगातलं कुठलंच किराणा दुकान हे पेलू शकत नाही. शेल्फं रिकामी होतात, रिकाम्या शेल्फांचे फोटो फिरतात, फोटो बघून उरलेले धावतात. बँकेवर धाड पडते तसंच. आता तेच पाच किलो प्रत्येक घराने वर्षभरात सवडीने घेतले असते तर दिवसाला दीड ट्रकसुद्धा होत नाही. दुकानदाराला पत्तासुद्धा लागला नसता.

म्हणजे साठेबाजी कोण करतं? ज्याच्या घरात काही नाही तो. ज्याच्याकडे महिन्याचं सामान आहे तो त्या संध्याकाळी घरी बसतो, आणि दुकानातलं शेल्फ त्याच्यासाठी सोडतो ज्याला साठा करताच येत नाही.

कारण साठा न करता येणारी माणसं खरंच आहेत. रोजंदारीवर जगणारा माणूस संध्याकाळी मजुरी घेऊन जाताना अर्धा किलो तांदूळ आणि पावशेर तेल घेतो. रेशनवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते त्याच महिन्यात संपतं. त्याने कोठी कुठून भरायची? दहा बाय दहाच्या खोलीत पाचजण झोपतात तिथे ड्रम ठेवायचा कुठे? त्या २४ मार्चच्या रांगेत तोही होता, खिशात दोनशे रुपये घेऊन. आणि त्याच्या पुढे उभे होतो आपण, क्रेडिट कार्ड घेऊन, दहा किलोची आट्याची पिशवी कवटाळून. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हाही हेच चित्र दिसू लागलं. देशात धान्य भरपूर आहे, घाबरून खरेदी करू नका, असं केंद्र सरकारला सांगावं लागलं आणि चंदीगडच्या प्रशासनाला साठेबाजीविरुद्ध आदेश काढावा लागला. बरोबरच केलं. पण ही सूचना आणीबाणीच्या दिवशी देऊन काय उपयोग? जे सरकार त्या दिवशी 'घेऊ नका' म्हणतं, त्याने शांततेच्या दिवसात 'थोडं घेऊन ठेवा' हेही म्हणायला हवं.

बाहेरची सरकारं ते म्हणतात. स्वीडनने २०१८ मध्ये सुमारे ४८ लाख घरांत एक पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर घरात काय काय हवं याची. २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा पाठवली. जर्मनी दहा दिवसांचं अन्न घरात ठेवा म्हणतं. जपान निदान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. ही काही वेडपट माणसांची गावं नाहीत. आणि हो, अमेरिकेतली ती पंचवीस वर्षं टिकणाऱ्या सुक्या जेवणाच्या बादल्या विकत घेऊन तळघरात बंदुका साफ करत बसणारी मंडळी मला माहीत आहेत. त्यांची व्हिडिओ बघण्यात आपले काही मित्र शनिवार घालवतात. त्याची काही गरज नाही. ज्या बादलीतलं तुम्ही एरवी कधी खाणार नाही, ते संकटात तुमच्या पोराच्या घशाखाली उतरणार नाही.

शिवाय आपल्याला हे बाहेरून शिकायची वेळ यावी हेच मुळात हास्यास्पद आहे. सालाची बेगमी हा शब्द मराठीत आहे. कणगी, बळद, पेव, उतरंड, फडताळ... एवढे शब्द ज्या भाषेत साठवणीसाठी आहेत, त्या भाषेतली पोरं एक किलोचं पाकीट मागवतात.

पेवाचं तर मला फार कौतुक आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं करून हळद ठेवायचे. तोंड बंद केलं की आत हळूहळू प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडा जगत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूसच गुदमरतो. आता हेच तत्त्व घेऊन अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन पदरी पिशवी तयार केली. आत दोन जाड प्लॅस्टिकचे थर, बाहेर विणलेलं पोतं. किडे आतला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात. औषध नाही, पावडर नाही. आपलं पेवच, पण काखेत मारून नेता येईल असं :-)

असो. 'आजीच्या हातचं' छापाचं रडगाणं मला गायचं नाहीये. त्या कोठीमागे मे महिन्याच्या उन्हात कुरडया घालणाऱ्या, पोतंभर गहू निवडणाऱ्या, मसाला कांडून हातांची आग करून घेणाऱ्या बायका होत्या आणि पुरुष मंडळी पोतं उतरवून घेतलं की आपलं काम झालं असं समजत. ती व्यवस्था परत आणा असं जो म्हणेल त्याने आधी एक पोतं निवडून दाखवावं. मी म्हणतोय ते काम वर्षातून दोन शनिवारांचं आहे आणि घरातल्या कुणालाही जमणारं आहे. पोळ्या येत नसल्या तरी झाकण लावता येतं ना?

आता थोडं तांत्रिक. धान्याचे शत्रू चार, ओल, ऊन, हवा आणि किडा. त्यात ओल सगळ्यात वाईट, कारण ती बाकीच्यांना बोलावते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. उघड्या डब्यातलं धान्य ती ओढून घेतं, त्यातली ओल चौदा टक्क्यांच्या पुढे गेली की बुरशी धरायला लागते. आता लक्षात येईल की बेगमी एप्रिल-मेमध्येच का करायचे. नुसतं तेव्हा नवा गहू आणि नवी डाळ बाजारात येते म्हणून नव्हे. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन फुकट असतं. कडकडीत वाळवायचं, गार होऊ द्यायचं आणि मृग लागायच्या आत झाकण घट्ट लावायचं. गरम गरम भरलंत तर झाकणाला आतून घाम येतो आणि केलेलं सगळं पाण्यात. जुलैत जाग येऊन वीस किलो तांदूळ भरणाऱ्याने पोरकिडे पाळायची तयारी ठेवावी.

काय टिकतं? पांढरा तांदूळ कोरडा आणि हवाबंद असेल तर वर्षानुवर्षं. ब्राऊन राइस नाही. त्याच्या कोंड्यातल्या तेलामुळे तो काही महिन्यांत खवट होतो. त्यामुळे आरोग्यवादी मंडळींनी निदान या ड्रमपुरता तरी पांढऱ्या तांदळाशी तह करावा. अख्खा गहू टिकतो, कणीक टिकत नाही, पावसाळ्यात तर महिन्याभरात तिला जाळी धरते. पण गव्हात एक मेख आहे. गिरणीला वीज लागते. वीज नसेल तर तुमचा गहू म्हणजे रीडर नसलेल्या फॉरमॅटमधला डेटा. भिजवून, शिजवून खीर किंवा खिचडा करता येतो म्हणा, पण मी तरी तांदूळ जास्त आणि गहू कमी ठेवतो. डाळी वर्षभर आरामात. राजमा-छोले खूप जुने झाले, त्यातही गरम दमट जागी राहिले, तर कितीही शिट्ट्या केल्या तरी शिजत नाहीत, म्हणजे गॅस वाया. रवा भाजून ठेवायचा. मीठ-साखर जन्मभर. गूळ पावसाळ्यात पाघळतो, त्याला वेगळा डबा. शेंगदाणे दोन-चार महिन्यांत फिरवायला हवेत, खवट झाले तर एक वेळ परवडलं, पण बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळे टाका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि भाजून ते जात नाही.

तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावणं ही अंधश्रद्धा नाही. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंगेऱ्यांची अंडी त्यावर तग धरत नाहीत. शिजवताना धुऊन टाकायचं. रवा-मैद्यासारख्या किलो-दोन किलोच्या गोष्टी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरल्या तरी अंडी मरतात, फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. बोरिक पावडर मात्र मला पटत नाही. कितीही धुतलं तरी ती खायची वस्तू नाही आणि आपल्याकडे अन्नात ती घालायला परवानगीही नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने. सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात आणू नका. गोदामासाठी असतात त्या. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्याच्यावर उतारा नाही. बंद फ्लॅटमध्ये धान्याला या गोळ्या लावून झोपलेली कुटुंबं, विशेषतः लहान मुलं, मेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. चार सोंडकिडे खाल्लेलं परवडलं.

लागतं किती? दोघांसाठी महिन्याचं धरू. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य, ऐंशी ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम तेल, तीस ग्रॅम शेंगदाणे, वीस ग्रॅम गूळ. यातून साधारण २,२०० कॅलरी मिळतात. मदतकार्यात माणशी २,१०० चा हिशोब धरतात, म्हणजे आपण मजेत. महिन्याचं वजन होतं चौतीस किलोच्या आसपास. सगळं मिळून दोन पंचवीस लिटरच्या ड्रममध्ये बसतं, वॉशिंग मशीनपेक्षा कमी जागेत. खर्च सध्याच्या भावाने ढोबळमानाने अडीच-तीन हजार. चार मित्रांनी मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्न खाल्लं की जवळपास तेवढेच जातात. 'जागा नाही' आणि 'परवडत नाही' ही कारणं ज्याच्या घरी ट्रेडमिलवर कपडे वाळत घातलेत त्याने तरी देऊ नयेत.

हे सगळं बाजूला ठेवून विसरायचं नाही. त्यातूनच रोज खायचं आणि नवीन आणलं की मागे सरकवायचं. क्यू आहे, स्टॅक नाही, एवढं सांगितलं तरी आपल्यातल्या कुणालाही कळेल. झाकणावर स्केचपेनने महिना लिहा. ॲप बनवू नका. (एका मित्राने बनवलं. क्यूआर कोड, नोटिफिकेशन, डॅशबोर्ड, सगळं आहे. ड्रम अजून रिकामा आहे.)

तळमजल्यावर राहणाऱ्यांना मात्र हे सल्ले जसेच्या तसे लागू नाहीत. सांगलीत आणि चिपळुणात पाणी घरात आलं तेव्हा जमिनीवरचं धान्य आधी गेलं. नदीकाठी, नाल्याकाठी राहत असाल तर साठा माळ्यावर, आणि एवढ्या छोट्या डब्यांत की एका माणसाला उचलून जिना चढता येईल.

उंच इमारतीत प्रश्न उलटा असतो. तिथे पूर येत नाही, तिथे वीज जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि पूर्ववत व्हायला कित्येक तास गेले. विसाव्या मजल्यावर वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकी संपली की पाणी नाही, लिफ्टही नाही. इंडक्शनवाल्यांचा तर चहासुद्धा नाही. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांचं अन्न चुलीवाचून चालणारं हवं. पोहे, भाजके चणे, सातूचं पीठ, मेतकूट, खाकरे, गूळ-शेंगदाणे. दह्याऐवजी दुधाची पावडर. पोहे नुसते पाण्यात भिजवून गुळाशी खाता येतात, ही सोय कुठल्याही इन्स्टंट नूडलमध्ये नाही. आणि पाणी, प्यायला-स्वयंपाकाला माणशी रोज निदान चार लिटर. दोघांना आठवड्याला छप्पन, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. पाण्याशिवाय तुमच्या ड्रममधला तांदूळ म्हणजे खडे.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने गेल्या वर्षी जिममध्ये भिंतभर आरसे बसवायला लाखभर रुपये मंजूर केले. त्याच मीटिंगमध्ये एका निवृत्त गृहस्थांनी पंपाच्या जनरेटरसाठी दोन दिवसांचं डिझेल ठेवण्याचा आणि वॉचमन-सफाईवाल्यांसाठी क्लबहाउसमध्ये पन्नास किलो तांदूळ-डाळ ठेवण्याचा विषय काढला. 'काका, फार नेगेटिव्ह बोलता बुवा' म्हणून सगळे हसले. मार्च २०२० मध्ये ज्या सोसायट्यांनी गेट बंद केलं, त्यांचे वॉचमन आतच अडकले होते आणि त्यांना कोण जेवायला घालणार हा प्रश्न तिथे पहिल्याच आठवड्यात उभा राहिला होता. काकांचा विषय मिनिट्समध्ये आलाच नाही.

ड्रम कुठे मिळतात असं काही जण विचारतील म्हणून सांगतो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, रबरी गॅस्केट आणि वरून पट्टा आवळायचं झाकण असलेला मागा. नवीन आणि अन्नासाठीचाच हवा असं स्पष्ट सांगा. दुकानदार विचारेल, "वापरलेला देऊ का, निम्म्या किमतीत? धुऊन दिलेला असतो." आत काय होतं ते विचारा. केमिकलचा असतो. नको म्हणा.